जुन्या लुगड्यांची गोधडी : घरच्या घरी शिवण्याची रीत

डहाणू व तलासरी तालुक्यांची किनारपट्टी हिवाळ्यात सौम्य असली, तरी पूर्वेकडील डोंगराळ पाड्यांवर पौष महिन्यातील रात्री चांगल्याच बोचऱ्या असतात. कारवीच्या कुडाची भिंत शेणामातीने कितीही लिंपली, तरी फटींतून वारा शिरतोच. भाताची झोडणी आटोपली की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा मिठागरांत कामासाठी बाहेर पडतात. तेथे तर तात्पुरत्या झोपडीखेरीज आसरा नसतो. येथील आदिवासी समाजात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. अशा रुग्णास थंडी बाधल्यास तीव्र वेदनांचा झटका येण्याचा संभव असतो. सवडीच्या वेळी हौसेने शिवलेली गोधडी अशा घरात किती उपयोगी पडते, हे यावरून ध्यानात येईल.

गोधडी ही आपल्याकडील जुनी वस्तू होय. घाटावर तिला वाकळ असेही म्हणतात, गुजरातीत ती गोदडी होते, तर उत्तर कर्नाटकात कौदी. चिंध्यांचे वस्त्र पांघरून गावोगाव फिरणाऱ्या गाडगे महाराजांना लोक ‘गोधडेबुवा’ म्हणत. तेव्हा चिंध्यांची वस्तू म्हणून तिच्याकडे कमीपणाने पाहण्याचे कारण नाही.

ऊब कापडात नसून कापडाच्या थरांमध्ये अडकून राहिलेल्या हवेत असते. ही गोष्ट समजली म्हणजे शिवणीचे बरेचसे नियम आपोआप कळतात. टाके फार दाट घातले तर थर एकमेकांस चिकटून हवा निघून जाते व गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. ते फार विरळ घातले तर पहिल्याच धुण्यात आतील तुकडे सरकून त्यांचे गोळे होतात. दोन ओळींमध्ये सुमारे २ सेंटिमीटर अंतर ठेवणे मध्यम व सोयीचे.

कापड सुतीच घ्यावे. आजकाल घरोघरी कृत्रिम धाग्याच्या साड्याच अधिक निघतात, ही खरी अडचण आहे. त्या घाम शोषून घेत नाहीत, सुईखाली निसटतात, आणि चुलीची ठिणगी पडल्यास वितळून अंगास चिकटतात. चुलीजवळ निजणाऱ्या घरात त्या गोधडीसाठी मुळीच वापरू नयेत. सुती लुगडी कमी पडल्यास धोतरे, जुन्या चादरी, सदऱ्यांच्या पाठी असे जे सुती मिळेल ते आतील थरांस चालते. वरच्या व खालच्या थरांस मात्र मजबूत कापड हवे. नवे कापड जोडावयाचे असल्यास ते आधी धुऊन आटवून घ्यावे, नाहीतर ते पुढे आटते व शेजारचे विरलेले कापड फाडते.

नऊवारी लुगडे सुमारे ८ मीटर लांब असते. त्याचे २ मीटरचे चार तुकडे केले, की एका माणसाच्या गोधडीचे चार थर एकाच लुगड्यातून निघतात. थंडीच्या पाड्यावर आणखी दोन थर घालावेत. नेसण्यात झिजलेला भाग आत घालावा. काठ बहुधा शेवटपर्यंत टिकतात, म्हणून ते वेगळे कापून गोधडीच्या कडेस लावावेत, कारण गोधडी प्रथम कडेलाच फाटते.

रुंदी १.२ मीटर धरल्यास २ सेंटिमीटर अंतराच्या साठ ओळी होतात. प्रत्येक ओळ २ मीटरची, म्हणजे १२० मीटर दोरा झाला. टाक्यांची वर-खाली व गाठी धरून १४० मीटर जाड सुती दोरा जवळ ठेवावा. दोऱ्याचा रंग जाणारा नसावा.

सारवलेल्या कोरड्या जमिनीवर चटई पसरून तीवर थर एकावर एक ताणून घालावेत व कडांवर दगड ठेवावेत. मध्यापासून चारही बाजूंस लांब कच्चे टाके घातल्यावाचून शिवणीस हात घालू नये. घाई होते ती येथेच, आणि मग सुरकुत्या आयुष्यभर राहतात. त्यानंतर धावदोरा घालावा. सराईत स्त्रिया कडेपासून फेर धरत मध्याकडे जातात. नवशिक्या हातांनी मधून सुरुवात करून सरळ ओळी घालाव्यात, हे अधिक सुरक्षित. कच्चे टाके शेवटी उसवावेत.

कापडे वैशाखातच धुण्याचा सोडा घालून उकळावीत, कडक उन्हात वाळवावीत व गाठोडे बांधून माळ्यावर ठेवावीत. लावणी उरकल्यावर पावसाच्या उघडिपीत व संध्याकाळी शिवण होते. ओलसर कापड शिवले तर आतील थरांस बुरशी लागते आणि ती नंतर निघत नाही. शिवलेल्या गोधडीस आश्विनातील उन्हे दोन्ही बाजूंनी द्यावीत, म्हणजे स्थलांतरापूर्वी ती तयार होते.

अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्यांनी मातांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. तान्ह्या मुलावर जड गोधडी घालू नये, तोंड तर कधीच झाकू नये. त्यास जुन्या मऊ धोतराचे दोन थरांचे दुपटे पुरे, आणि आईच्या अंगाची ऊब त्याहून श्रेष्ठ. घरात खरूज झाली असल्यास पांघरुणे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावीत. गोधडीसारखे जाड पांघरूण तसे धुता येत नसेल, तर ते आठवडाभर बंद पिशवीत ठेवावे, आणि घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे.

शहरात हातशिवणीच्या गोधड्यांना गिऱ्हाईक आहे, आणि बचत गटांनी त्याचा विचार अवश्य करावा. तथापि पहिल्या दोन-तीन गोधड्या घरातच वापरून, निदान चार वेळा धुऊन पाहाव्यात. रंग कोठे जातो व टाका कोठे तुटतो हे त्याशिवाय कळत नाही. वारली चित्रातील माणसे व झाडे त्रिकोण, वर्तुळ व रेघा यांनीच बनत असल्याने धावदोऱ्यात ती सहज उतरतात. मात्र थर नीट धरले गेल्यावरच नक्षीकडे वळावे.

वापरातील गोधडी फाटू लागल्यास भोकावर ठिगळ लावावे. वरचा थर साराच विरला असेल तर त्यावर नवे लुगडे ताणून पुन्हा टाके घालावेत.