विश्लेषण : लहानग्यांसाठी स्वस्त आणि सुरक्षित नाताळभेट कशी निवडावी?

नाताळ तोंडावर आल्याने मुंबईतील क्रॉफर्ड मार्केट, वांद्र्याचा हिल रोड, वसई आणि गोव्यातील बाजारपेठा चांदण्या, लाल टोप्या आणि खेळण्यांनी भरून गेल्या आहेत. शाळा, पाळणाघरे आणि गृहसंकुलांतील ‘सीक्रेट सांता’मुळे ख्रिस्ती नसलेल्या घरांतही छोट्या भेटींची खरेदी होते. दहा-वीस रुपयांच्या वस्तूंनी पिशवी झटपट भरते. मात्र यांतील काही वस्तू पाच वर्षांखालील मुलांसाठी धोकादायक ठरू शकतात. त्यामुळे खिशाला परवडणारी भेट निवडताना किमतीखेरीज काय पाहावे, हे समजून घेणे गरजेचे आहे.

मोज्यात भेटी ठेवण्याची प्रथा कशी पडली?

सध्याच्या तुर्कीयेतील मायरा येथील बिशप संत निकोलस हे सांताक्लॉजचे मूळ मानले जातात. लग्नासाठी पैसे नसलेल्या तीन बहिणींच्या घरात त्यांनी रात्री गुपचूप सोने टाकले आणि ते वाळत घातलेल्या मोज्यांत पडले, अशी आख्यायिका आहे. या सोन्याची आठवण म्हणून पाश्चात्त्य देशांत मोज्याच्या टोकाशी संत्रे ठेवण्याची पद्धत रूढ झाली. म्हणजे मोज्यातली भेट छोटी आणि साधी असणे ही परंपराच आहे. डिसेंबरात नागपुरी संत्री बाजारात असतात, त्यामुळे ती पाळणे महाराष्ट्रात अवघडही नाही.

स्वस्त वस्तूंमध्ये नेमका धोका कोणता?

पहिला धोका बटण बॅटरीचा. लुकलुकणाऱ्या अंगठ्या, दिव्याच्या टोप्या, एलईडी मेणबत्त्या आणि वाजणारी शुभेच्छापत्रे यांत ती असते. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांच्या आतही तेथील ऊती गंभीररीत्या भाजू शकतात. २० मिलिमीटर व्यासाची लिथियम बॅटरी यात सर्वाधिक घातक असते. मुलाने बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता लगेच रुग्णालय गाठावे. दुसरा धोका छोट्या, शक्तिशाली चुंबकांचा. एकाहून अधिक चुंबक पोटात गेल्यास ते आतड्याच्या पदरांतून एकमेकांना ओढतात आणि आतड्याला छिद्र पडू शकते. पाण्यात फुगणारे रंगीत मणी पोटात गेल्यावरही फुगतात आणि आतड्यात अडथळा निर्माण करतात. न फुगवलेले किंवा फुटलेले फुगे, गोट्या, कडक गोळ्या आणि अख्खे शेंगदाणे-बदाम यांनी श्वास कोंडू शकतो.

वस्तू घशात अडकेल का, हे घरी कसे तपासावे?

तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांची चाचणी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्याने केली जाते. वस्तू किंवा तिचा सुटणारा भाग त्यात पूर्ण मावला, तर ती या वयासाठी अयोग्य ठरते. घरी टिश्यू पेपरच्या रोलमधील पुठ्ठ्याची नळी वापरता येते. ती थोडी अधिक रुंद असते, त्यामुळे तिच्यातून जाणारी कोणतीही वस्तू लहानग्यांच्या मोज्यातून वगळणेच बरे. बाहुलीचे डोळे, गाडीची चाके, बटणे ओढून पाहावीत. बॅटरीचे झाकण नखाने उघडत असेल, तर ते खेळणे घेऊ नये. ते स्क्रूने बंद असायला हवे.

कायदा काय सांगतो?

‘खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२०’ हा १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. साध्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३, तर विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक आहे. चिन्हाखालचा ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपवर टाकला, की उत्पादकाचा तपशील मिळतो. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या खेळण्यांना या आदेशातून सूट आहे. त्यामुळे सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी खेळण्यावर चिन्ह दिसले नाही, म्हणून ते बेकायदा ठरतेच असे नाही. मात्र कुसळे, सांधे आणि रंग ग्राहकाने स्वतः पाहून घ्यावेत. सजावटीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या वस्तू खेळण्यांच्या निकषांत बसतीलच याची खात्री नसते.

यंदा करकपातीचा फायदा कशावर?

वस्तू व सेवा कराचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले आहेत. इलेक्ट्रॉनिक नसलेली खेळणी तसेच ल्युडो, बुद्धिबळ, कॅरम यांवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पेन्सिली, रंगखडू, खोडरबर आणि वह्या करमुक्त झाल्या. मुलांची चित्रपुस्तके आणि रंगवायची पुस्तके आधीपासूनच करमुक्त आहेत. इलेक्ट्रॉनिक खेळण्यांवर मात्र १८ टक्के कर कायम आहे. म्हणजे बॅटरीविना चालणाऱ्या वस्तू सुरक्षिततेत आणि खर्चातही उजव्या ठरतात.

कमी पैशांत काय घेता येईल?

एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी जाड पुठ्ठ्याचे चित्रपुस्तक, कापडी चेंडू, एकात एक बसणाऱ्या वाट्या किंवा मोठे लाकडी ठोकळे घ्यावेत. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना जाड रंगखडू, मोठ्या तुकड्यांचे कोडे किंवा जुन्या मोज्याची हातबाहुली आवडते. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, थोडे तेल, खायचा रंग आणि लागेल तसे पाणी मळून खेळायची कणीकही घरीच होते. तिच्यात मीठ खूप असल्याने ती मुलाच्या तोंडात जाणार नाही, हे पाहावे. पाच वर्षांपुढील मुलांसाठी भिंग, दोरीउडी, भोवरा, पत्त्यांचा जोड किंवा नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तके हे चांगले पर्याय आहेत. पुण्याच्या आयुकातील विज्ञान केंद्रात काम केलेले अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या कृती संकेतस्थळावर विनामूल्य दिल्या आहेत. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीविव्हर’वरील मराठी गोष्टी छापून, शिवून घरचे पुस्तक तयार करता येते.

खर्चाची मर्यादा कशी पाळावी?

आधी रक्कम ठरवावी, मग वस्तू. तीनशे रुपयांत तीस रुपयांच्या दहा वस्तू येतात, तशाच शंभराच्या तीनही येतात. दहांपैकी आठ आठवडाभरात मोडल्या, तर स्वस्ताई कागदावरच राहते. हवेसे एक, गरजेचे एक, अंगावर घालायचे एक आणि वाचायचे एक, हा पाश्चात्त्य घरांतील चार भेटींचा संकेत इथेही उपयोगी पडतो. घरात वेगवेगळ्या वयाची भावंडे असतील, तर निवड धाकट्याच्या वयाला धरून करावी, कारण थोरल्याच्या मोज्यातली गोटी धाकट्याच्या हाती लागायला वेळ लागत नाही. उरलेली जागा भरायला ‘रविवारी राणीची बाग’ किंवा ‘आज एक गोष्ट जास्त’ अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी पुरते. मात्र तिच्यातला शब्द मोठ्यांनी पाळायला हवा.