उष्ण प्रदेशातील हिरवळ

ज्येष्ठातील दुपारी दिल्ली, आग्रा, लखनौ यांसारख्या शहरांत पारा ४० अंश सेल्सियसच्या पुढे जातो आणि 'लू' वाहू लागते. घरापुढील हिरवळ जागोजाग पिवळी पडते. ती पाहून घरमालक धास्तावतो, रबरी नळी हाती घेतो आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडू लागतो. हेतू चांगला असला, तरी या शिडकाव्याने गवताचे बहुधा अहितच होते. त्याचे कारण कळण्यासाठी या गवताची ओळख करून घेतली पाहिजे.

आपल्या मैदानी प्रदेशातील हिरवळीचे मुख्य गवत म्हणजे उत्तरेत 'दूब' व महाराष्ट्रात 'हरळी' म्हणून ओळखली जाणारी दूर्वा होय. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन असे आहे. दख्खनचा शेतकरी जिच्यापायी बेजार होतो आणि खोल नांगरट करून जिच्या काश्या वेचून जाळतो, तीच हरळी बागवान मात्र जपून आणून लावतो! दिल्लीच्या राष्ट्रपती भवनाच्या उद्यानातील दूबही अशीच कलकत्त्याच्या बेल्व्हेडियर येथून आणलेली आहे. शेतकऱ्याचा त्रास आणि बागवानाचा लाभ यांचे मूळ एकच. हरळीची खोडे जमिनीवरून धावतात, तशीच जमिनीखालूनही आडवी पसरतात. त्यांच्या पेऱ्यापेऱ्यांतून मुळे व कोंब फुटतात. वरचे पान करपले तरी खालच्या खोडात अन्नाचा साठा शिल्लक असतो.

उन्हाशी तिचे सख्य आहे, त्याचेही कारण शास्त्रज्ञांनी शोधून काढले आहे. इंग्लंडसारख्या थंड देशांतील गवते कडक उन्हात मंदावतात. हवेतील कार्बन डायऑक्साइड पकडणारे त्यांचे विकर उष्णता वाढली की ऑक्सिजनही अधिक प्रमाणात पकडू लागते आणि श्रमाचा काही भाग वाया जातो. हरळी कार्बन डायऑक्साइड प्रथम चार कार्बन-अणू असलेल्या आम्लात बांधते, मग पानाच्या शिरांभोवतालच्या पेशींत नेऊन तेथे तो दाटीने मोकळा करते. त्यामुळे विकराची चूक टळते आणि पर्णरंध्रे फार उघडी न ठेवताही काम चालते, म्हणजेच पाणी वाचते. ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक यांनी उसावर प्रयोग करून १९६६ साली हा मार्ग स्पष्ट केला. ऊस, ज्वारी, बाजरी व मका ही या बाबतीत हरळीची भावंडेच होत. मात्र तिला सावली सोसत नाही. दाट आंब्याखाली हिरवळ करण्याचा हट्ट धरू नये, हे बरे.

आता पाण्याविषयी. मुळे ओलाव्याच्या मागे जातात. रोजच्या शिडकाव्याने वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थरच भिजतो. मुळे तेथेच रेंगाळतात, आणि उन्हात प्रथम सुकतो तो नेमका हाच थर. म्हणून पाणी क्वचित, पण १५ सेंटिमीटर खोलवर ओल जाईल इतके द्यावे. लोखंडी सळई सहज किती आत जाते, यावरून ओल अजमावता येते. पुन्हा पाणी केव्हा द्यावे, हे गवतच सांगते. पाती निळसर-करडी दिसू लागतात आणि त्यांवर उमटलेले पाऊल लवकर पुसले जात नाही. रेताड जमिनीत ही वेळ लवकर येते, काळ्या जमिनीत उशिरा. पाणी पहाटे द्यावे.

पण पाणी लागते किती? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. १०० चौरस मीटरच्या हिरवळीस २५ मिलिमीटर पाणी द्यायचे, तर २,५०० लिटर हवे. म्हणजे १५ लिटरच्या १६० हून अधिक बादल्या! ज्या गावात उन्हाळ्यात नळाला तासभरच पाणी येते, तेथे इतके पिण्याजोगे पाणी गवतावर ओतणे समर्थनीय नाही. सुदैवाने तशी गरजही नसते. चांगली मुळावलेली हरळी पाण्यावाचून काही आठवडे सुप्तावस्थेत राहते आणि पाऊस पडताच पुन्हा फुटते. नव्या हिरवळीची मुळे उथळ असतात. तिला मात्र उपाशी ठेवता येत नाही.

उन्हाळ्यात गवत फार आखूड कापणे ही दुसरी चूक. तीन-चार सेंटिमीटर उंची राखावी आणि एका वेळी एकतृतीयांशाहून अधिक पाते छाटू नये. उरलेल्या पात्यांची सावली माती थंड ठेवते. यंत्राचे पाते बोथट असेल तर गवत कापले न जाता फाटते व टोके तपकिरी होतात. ओल्या चिकणमातीवर वारंवार रूळ फिरवण्याची हौसही आवरावी.

नव्या लागवडीसाठी चैत्र-वैशाखात जमीन खणून उन्हात तापू द्यावी, ढेकळे फोडावीत व कुजलेले शेणखत मिसळावे. पहिल्या पावसाने उगवलेली तणे उपटावीत. लव्हाळा जमिनीतील गाठींसकट खणून काढला नाही, तर तो पुनःपुन्हा डोके वर काढतो. मग हरळीचे मुळ्या असलेले तुकडे सात ते दहा सेंटिमीटर अंतरावर खोचावेत.

जुन्या हिरवळीचे पिवळे ठिगळ मेले आहे की निजले आहे, हे पाहण्यासाठी खोड नखाने खरवडावे. आत पांढुरके-हिरवे व ओलसर दिसले तर ते जिवंत आहे. पूर्ण वाळलेल्या जागी आषाढात कडेचीच धावती खोडे आणून वरील रीतीने लावावीत.