आपत्कालीन विभागातील प्रतीक्षाकाळ आणि तातडीच्या शस्त्रक्रियेचे फलित : इंग्लंडमधील अनुभवाचे विवेचन

प्रस्तावना

शस्त्रक्रियेचे यश शल्यविशारदाच्या कौशल्यावर अवलंबून असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे. नियोजित शस्त्रक्रियेत रुग्ण पूर्ण तयारीनिशी शस्त्रक्रियागृहात येतो. तातडीच्या शस्त्रक्रियेत मात्र रुग्णालयात पाऊल ठेवल्यापासून टेबलावर जाईपर्यंत जो काळ जातो, त्या काळात आजार थांबलेला नसतो. जठराला किंवा आतड्याला छिद्र पडले असल्यास उदरपोकळीत जंतुसंसर्ग पसरत जातो, रक्तदाब उतरतो आणि मूत्रपिंडांचे कार्य मंदावते. म्हणजेच प्रतीक्षा ही केवळ गैरसोय नसून आजाराचाच एक भाग ठरते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुख्यतः इंग्लंडच्या अनुभवाच्या आधारे केला आहे. प्रतीक्षेचे मोजमाप तेथे दीर्घकाळ आणि राष्ट्रीय पातळीवर झालेले आहे. तुलनेसाठी डेन्मार्कमधील एक अभ्यास व एक बहुराष्ट्रीय चाचणी विचारात घेतली आहे.

प्रतीक्षाकाळाचे टप्पे

'प्रतीक्षाकाळ' हा शब्द एकवचनी असला तरी त्यात किमान चार टप्पे सामावलेले आहेत :

१) आगमनापासून डॉक्टरांच्या पहिल्या तपासणीपर्यंतचा काळ.
२) तपासणीपासून निदानापर्यंतचा काळ. यात रक्तचाचण्या, सीटी स्कॅन व त्याचा अहवाल यांचा समावेश होतो.
३) निदानापासून शस्त्रक्रियेच्या निर्णयापर्यंतचा काळ.
४) निर्णयापासून प्रत्यक्ष शस्त्रक्रियेपर्यंतचा काळ. येथे शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ व अतिदक्षता विभागातील खाट यांची उपलब्धता निर्णायक ठरते.

रुग्णाच्या दृष्टीने हे चारही टप्पे मिळून एकच काळ असतो. प्रशासन मात्र बहुधा त्यातील एखादा तुकडाच मोजते.

चार तासांचे उद्दिष्ट

इंग्लंडमध्ये २००० सालच्या आरोग्यसेवा योजनेत आपत्कालीन विभागातील कमाल वास्तव्य चार तासांचे असावे, असे उद्दिष्ट ठरविण्यात आले. प्रारंभी ९८ टक्के व २०१० पासून ९५ टक्के रुग्णांसाठी ते पाळले जाणे अपेक्षित होते. जुलै २०१५ नंतर मात्र राष्ट्रीय पातळीवर ९५ टक्क्यांची ही पातळी गाठता आलेली नाही.

या उद्दिष्टावर टीकाही झाली. चार तास पूर्ण होण्याच्या आधीच्या काही मिनिटांत रुग्णांना विभागाबाहेर हलविण्याचे प्रमाण एकदम वाढते, असे आकडेवारीत दिसून आले. तरीही ग्रूबर, होए व स्टोय या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात, ज्यांच्यावर उद्दिष्टाचा परिणाम झाला त्या रुग्णांची प्रतीक्षा सुमारे २० मिनिटांनी घटली आणि मृत्यूंचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झाले, असे आढळले. दाखल झालेल्या ५० लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार दाखल होण्यास सहा ते आठ तास लागलेल्या दर ८२ रुग्णांमागे ३० दिवसांत एक जादा मृत्यू होतो.

शस्त्रक्रियेसंबंधीचे पुरावे

वरील अभ्यास सर्व प्रकारच्या रुग्णांचे आहेत. शस्त्रक्रियेपुरता विचार करता डेन्मार्कमधील २०१३ चा अभ्यास महत्त्वाचा आहे. जठर वा लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातील व्रण फुटलेल्या २,६६८ रुग्णांची त्यात पाहणी झाली. पहिल्या २४ तासांत शस्त्रक्रियेस होणाऱ्या प्रत्येक तासाच्या विलंबागणिक जगण्याची शक्यता २.४ टक्क्यांनी घटते, असा त्याचा निष्कर्ष आहे.

याउलट मांडीच्या हाडाच्या खुब्याजवळील अस्थिभंगाबाबतची चाचणी वेगळे चित्र दाखविते. १७ देशांतील २,९७० रुग्णांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाची शस्त्रक्रिया निदानानंतर साधारण ६ तासांत, तर दुसऱ्याची २४ तासांत झाली. मृत्यूंचे प्रमाण अनुक्रमे ९ व १० टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता. तात्पर्य, प्रत्येक आजाराचे घड्याळ वेगळे असते.

अन्वयार्थातील अडचणी

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सर्वाधिक गंभीर रुग्णांना सर्वांत आधी शस्त्रक्रियागृहात नेले जाते आणि त्यांच्यातच मृत्यूही अधिक होतात. त्यामुळे केवळ सरासऱ्यांची तुलना केल्यास 'कमी प्रतीक्षा, जास्त मृत्यू' असा विपरीत निष्कर्ष निघू शकतो. म्हणूनच वय, आजाराची तीव्रता व सहव्याधी यांचा हिशेब धरल्याखेरीज कोणतीही तुलना ग्राह्य ठरत नाही.

दुसरी अडचण मोजमापाची आहे. चार तासांचे घड्याळ रुग्ण आपत्कालीन विभागातून बाहेर पडताच थांबते. तो वॉर्डात जाऊन शस्त्रक्रियागृह मोकळे होण्याची वाट पाहत असेल, तर तो काळ या उद्दिष्टाच्या हिशेबात येत नाही. बारा तासांहून अधिक रखडलेल्या रुग्णांची राष्ट्रीय मोजणीही दीर्घकाळ आगमनापासून न होता दाखल करण्याच्या निर्णयापासून होत असे. आगमनापासूनची नियमित आकडेवारी २०२३ पासून प्रसिद्ध होऊ लागली.

ही उणीव काही अंशी तातडीच्या लॅपरोटॉमीच्या, म्हणजे पोट उघडून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेच्या, राष्ट्रीय लेखापरीक्षणाने भरून काढली. डिसेंबर २०१३ पासून इंग्लंड व वेल्समध्ये हे लेखापरीक्षण सुरू आहे. आरंभी ११.८ टक्के असलेला ३० दिवसांतील मृत्युदर पुढील काही वर्षांत साडेनऊ टक्क्यांच्या आसपास आला. याचे श्रेय केवळ वेगाला देता येणार नाही. शस्त्रक्रियेपूर्वी धोक्याचे मूल्यमापन, ज्येष्ठ डॉक्टरांची उपस्थिती व अतिदक्षता विभागातील शुश्रूषा यांचाही त्यात वाटा आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, प्रतीक्षाकाळ कमी करणे हे रुग्णहिताचेच आहे. परंतु सर्वांना एकच कालमर्यादा लावणे पुरेसे नाही. पोटात छिद्र पडलेल्या रुग्णासाठी चार तासही अधिक असू शकतात. विशेषतः वृद्ध रुग्णांत वेदना व ताप ही लक्षणे सौम्य असल्याने त्यांची निकड उशिरा ध्यानात येते आणि रांगेत तेच मागे राहतात. रुग्णालयाच्या दारापासून शस्त्रक्रियागृहाच्या टेबलापर्यंतचा सलग काळ, आजारनिहाय मोजणे, हाच यावरील मार्ग होय. जो काळ मोजलाच जात नाही, त्यात दगावलेल्या रुग्णाचा मृत्यू आजाराच्या खात्यावर जमा होतो. विलंबाच्या खात्यावर त्याची नोंद होत नाही.