न मागता मिळालेली लोकशाही

२००७ सालच्या एप्रिल व मे महिन्यांत भूतानमध्ये एक निवडणूक झाली. तीत खरे पक्ष नव्हते आणि निवडून येणाऱ्यांना कोठे जाऊन बसावयाचेही नव्हते. प्रजेला मतदानाची सवय व्हावी म्हणून निवडणूक आयोगाने योजिलेली ती रंगीत तालीम होती. आणि रंगीत हा शब्द येथे अक्षरशः खरा आहे. निळा, हिरवा, तांबडा व पिवळा असे चार लुटुपुटीचे पक्ष तयार करून प्रत्येकाच्या पदरी एकेक जाहीरनामा बांधण्यात आला होता. तांबड्याने उद्योगधंद्यांचे, हिरव्याने निसर्गरक्षणाचे, तर पिवळ्याने परंपरेच्या जपणुकीचे आश्वासन दिले. अंतिम फेरीत ४७ पैकी ४६ मतदारसंघ पिवळ्याने जिंकले. पिवळा हा भूतानच्या राजाचा रंग आहे. राजाने प्रजेची स्वराज्याची परीक्षा घेतली आणि प्रजेने उत्तरपत्रिकेवर राजाचेच नाव लिहून ती परत केली!

बहुतेक देशांत लोकांनी सत्ता राजाच्या हातून हिसकावून घेतली आहे. भूतानमध्ये राजा ती देऊ करीत होता आणि लोक हात मागे घेत होते. १९७२ मध्ये गादीवर आलेल्या जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९९८ मध्ये दैनंदिन कारभार मंत्रिमंडळाकडे सोपविला आणि २००१ मध्ये राज्यघटना लिहावयास सांगितले. या कामी भारतातील विख्यात विधिज्ञ के. के. वेणुगोपाल यांचा सल्ला घेण्यात आला होता. २००५ मध्ये मसुदा प्रसिद्ध झाल्यावर राजा व युवराज जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरले. आम्हांस राजाच बरा, असे लोक भरसभेत सांगत. जन्माने मिळणारा राजा प्रत्येक वेळी चांगलाच निघेल याची हमी कोणी द्यावी, हा राजाचा युक्तिवाद असे. डिसेंबर २००६ मध्ये, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी, त्यांनी मुलाला गादी दिली. २००८ च्या राज्यघटनेने तर राजाला ६५ व्या वर्षी निवृत्त होण्याचे बंधन घातले. शिवाय संसदेचे तीन-चतुर्थांश बहुमत आणि त्यावर सार्वमताचा कौल मिळाल्यास राजाला पायउतार करता येईल, अशीही तरतूद तीत आहे.

मार्च २००८ मधील पहिल्या खऱ्या निवडणुकीत सुमारे ऐंशी टक्के लोकांनी मतदान केले. राजाचे मामा ज्या पक्षाचे नेते होते त्या पक्षाला एक-तृतीयांश मते मिळूनही ४७ पैकी केवळ दोन जागा लाभल्या. मामा स्वतः पडले. उरलेल्या ४५ जागा जिग्मी थिनले यांच्या पक्षाने घेतल्या. दोन माणसांचा विरोधी पक्ष! जगातील नामवंत निरीक्षकांनी या निवडणुकीचे कौतुक केले खरे. पण दानात मिळालेली वस्तू आपली झाली की नाही हे ती वापरल्याखेरीज कळत नाही.

तो वापर पुढे त्या दोघांनीच केला. २०१० मध्ये सरकारने मोटारगाड्यांवरील करात फेरफार केला. कर बसवावयाचा वा बदलावयाचा तर त्यास संसदेने केलेल्या कायद्याचा आधार हवा, असे घटना सांगते. विरोधी पक्षाने हे कलम पुढे करून सरकारला न्यायालयात खेचले. वडीलधाऱ्यांसमोर आवाज न चढविण्याचे संस्कार झालेल्या समाजात ही लहान गोष्ट नव्हती. उच्च न्यायालयाने निकाल विरोधकांच्या बाजूने दिला. सरकारने अपील केले, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. पंचेचाळीस सभासदांच्या सरकारने दोघांपुढे मान तुकविली. भूतानी लोकशाहीची जन्मतारीख लिहावयाची तर ती मतदानाच्या दिवसापेक्षा या निकालाची लिहिणे अधिक उचित ठरेल.

त्यानंतर मतदारही धीट झाला. २०१३ मध्ये थिनले यांचा पक्ष हरला आणि त्या दोन सभासदांपैकी एक, त्शेरिंग तोबगे, पंतप्रधान झाले. (या निवडणुकीच्या ऐन तोंडावर भारताने स्वयंपाकाच्या गॅसवरील व रॉकेलवरील अनुदान थांबविले होते. शेजारधर्म म्हणून हे शोभले नाही.) २०१८ मध्ये तोबगे यांचा पक्ष पहिल्याच फेरीत बाद झाला, २०२३ च्या अखेरीस त्यांच्यानंतरच्या सत्ताधाऱ्यांचीही तीच गत झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये तोबगे पुन्हा आले. रक्त न सांडता, तंटा न होता हे घडले. संसदेच्या उमेदवाराला पदवीची अट मात्र आहे, त्यामुळे गावचा कारभार उत्तम जाणणारा शेतकरी थिंफूच्या सभागृहात कधी पोहोचू शकत नाही. भिक्षूंना तर मतदानाचाही अधिकार नाही.

परंतु मोठा प्रश्न वेगळाच आहे. जे ‘लोक’ २००८ मध्ये रांगेत उभे राहिले, ते कोण हे आधीच ठरून गेले होते. दक्षिण भूतानमधील नेपाळीभाषक ल्होत्शाम्पांना १९८८ च्या शिरगणतीत १९५८ सालच्या वास्तव्याचा पुरावा मागण्यात आला. तीस वर्षांपूर्वीची कराची पावती ज्याच्या पेटीत सापडली तो नागरिक. ज्याच्या सापडली नाही तो परका. पुढे राष्ट्रीय पोशाखाची सक्ती झाली, शाळांतून नेपाळी भाषा गेली, १९९० मध्ये निदर्शने झाली, ती दडपण्यात आली, आणि सुमारे एक लाख माणसे पूर्व नेपाळातील झापा व मोरंग येथील छावण्यांत जाऊन पडली. हे सारे प्रजेला सत्ता देणाऱ्या त्याच राजाच्या कारकिर्दीत घडले. थिंफूमध्ये मतपेट्यांऐवजी भारतीय बनावटीची मतदान यंत्रे आली, त्याच सुमारास या छावण्यांतील कुटुंबे अमेरिकेच्या विमानात बसू लागली. निवडून आलेल्या एकाही सरकारने त्यांना परत बोलाविले नाही. आणि न्यायालयात जाऊन कर रद्द करविणाऱ्या पक्षानेही, सत्ता मिळाल्यावर, हा प्रश्न सोडविला नाही.

२०२५ मध्ये अमेरिकेने त्यांपैकी काहींना हद्दपार करून भूतानला पाठविले. ते पारोच्या विमानतळावर उतरले. तेथून त्यांना भारताच्या सीमेबाहेर काढण्यात आल्याच्या बातम्या आल्या, आणि काही दिवसांनी त्यांतले काहीजण झापामधील त्याच जुन्या छावणीत आढळले.