मूत्रपिंड दुखत नाही, म्हणून लघवी तपासा

पाथर्डी-शेवगावकडची मंडळी ऊसतोडीला निघाली, की कोयत्याबरोबर अंगदुखीच्या गोळ्यांची पुडीही घेतात. उन्हात पाणी कमी आणि वर रोज गोळी, याने मूत्रपिंडाला, म्हणजे किडनीला, इजा होऊ शकते. पण ती दुखत नाही, हीच पंचाईत! रक्तातले क्रिएटिनीन वाढेपर्यंत बरेच नुकसान झालेले असते. लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन मात्र पुष्कळदा आधीच उतरू लागते. सकाळची पहिली लघवी तपासायला द्या. १ ग्रॅम क्रिएटिनीनमागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या आत हवे. जास्त निघाले तर लगेच घाबरू नका. तापाने, जड कष्टानेही ते वाढते. तीन महिन्यांनीही जास्तच राहिले, तर डॉक्टरांना गाठा. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी दरवर्षी टोळी निघण्याआधीच ही तपासणी उरकावी.