अतिथि, यजमान आणि परवाना

गेल्या चैत्रांत आमच्या घरीं एक लहानसा वाद झाला. कृष्णाकांठीं वाईजवळ आमचें वडिलोपार्जित घर आहे. तेथें थोडी शेती व चार आंब्याचीं झाडें असून मागें डोंगर आहे. आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजिवांनीं त्या घरांत पाहुणे उतरविण्याची व्यवस्था करण्याचें मनांत घेतलें आहे. पुण्यामुंबईच्या मंडळींनीं दोन दिवस यावें, पिठलें-भाकरी खावी, कासचीं फुलें पाहावीं आणि ताजेंतवानें होऊन परतावें, ही कल्पना आम्हांसहि आवडली. परंतु त्यांच्या हिशेबाच्या कागदावर शेवटच्या ओळींत ‘सायंकाळीं शेकोटी व मद्य, पाहुण्यांस विनामूल्य’ असें वाचलें, तेव्हां आम्ही चष्मा काढून ठेविला.

“काका, आपण दारू विकणार कोठें आहोंत?” चिरंजीव म्हणाले, “पाहुणचार म्हणून देणार. पाहुण्याला द्यायला परवाना कशाला?”

प्रश्न सरळ होता, आणि तो केवळ आमच्याच घरचा नाहीं. सातारा-सांगलीकडील अनेक सुशिक्षित कुटुंबांतील तरुण आज अशा उद्योगाकडे वळत आहेत. महाराष्ट्र शासनानेंहि २०२० सालीं कृषि-पर्यटनाचें धोरण ठरविलें आहे. म्हणून या विषयाचा थोडा विचार वाचकांपुढें मांडणें आम्हांस उचित वाटतें.

प्रथम कायद्याचें मूळ पाहूं. ज्या १९४९ सालीं जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले, त्याच सालीं मुंबई दारूबंदी कायदाहि झाला. दक्षिण सातारा पुढें १९६० सालीं सांगली जिल्हा झाला, आणि कायद्याच्या नांवांतहि मुंबईच्या जागीं महाराष्ट्र आलें. पण त्याचें दारूबंदी हें नांव गेलें नाहीं, आणि स्वभावहि गेला नाहीं. १९५१ सालीं बलसारा यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्यांतील कांहीं कलमें रद्द केलीं. बाकीचा सांगाडा टिकला. व्याकरण शिकलेल्या वाचकांस उत्सर्ग व अपवाद यांचा भेद ठाऊक असेलच. येथें निषेध हा उत्सर्ग आहे आणि परवाना हा अपवाद. रस्त्यावर दुकानें उघडीं दिसतात म्हणून लोक अपवादालाच नियम समजूं लागले आहेत, आणि सगळा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

आतां चिरंजिवांचा ‘विनामूल्य’ हा शब्द घेऊं. या कायद्यांत गुत्त्याची जी व्याख्या आहे, तिच्यांत पेल्याचे पैसे घेतलेच पाहिजेत असें नाहीं. जागेच्या मालकाच्या किंवा चालकाच्या लाभासाठीं जेथें मद्यपान करूं दिलें जातें, ती जागा या व्याख्येंत येते. मग तो लाभ पिण्याच्या आकारांतून होवो, जागेच्या भाड्यांतून होवो, वा अन्य मार्गानें होवो. असा गुत्ता उघडणें वा चालविणें हा अपराध आहे, आणि तेथें पितांना सांपडणें हाहि अपराध आहे. दोन दिवसांच्या मुक्कामाचे पैसे घ्यावयाचे, त्यांतूनच बाटली आणावयाची आणि तिला पाहुणचार म्हणावयाचें, ही कसरत या व्याख्येपुढें टिकणें कठीण. पाहुण्यांनीं स्वतःची बाटली आणली तरी जागा आमची व भाडें आमचें, हें विसरतां येत नाहीं.

शिवाय ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी त्या शब्दाची व्युत्पत्ति सांगतात. आमचे हे पाहुणे तिथि ठरवून, आगाऊ रक्कम भरून येणार. त्यांचें स्वागत अवश्य करावें; पण त्यांच्याशीं असलेला आपला संबंध व्यवहाराचा आहे, हें मनाशीं स्वच्छ असावें.

सांगलीकडे हाच प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहतो. आमचे एक जुने विद्यार्थी तासगांवाकडे द्राक्षबाग राखतात. त्यांनीं विचारलें, “गुरुजी, द्राक्षें माझीं, घर माझें, घरींच थोडें द्राक्षासव करून बाग पाहायला येणाऱ्यांना चाखविलें तर बिघडलें कोठें?” त्यांच्याच जिल्ह्यांत पलूस येथें वाइन पार्क आहे, आणि २००१ पासून शासनानें या धंद्यास उत्तेजनहि दिलें आहे. परंतु तें उत्तेजन परवाना घेतलेल्या कारखानदारास आहे. परवान्यावांचून घरीं आसव गाळणें, मग तें विकलें नाहीं तरी, अपराधच. आम्हीं त्यांस तसें कळविलें. त्यांनीं आतां पाहुण्यांसाठीं ताजा रस व घरचा बेदाणा ठेविला आहे.

मग कायदेशीर मार्ग नाहींच काय? आहे. एखाद्या समारंभापुरता एक दिवसाचा तात्पुरता परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळतो. मद्य परवानाधारक दुकानांतूनच घ्यावें लागतें. पिणाऱ्याजवळहि स्वतःचा परवाना असावा लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म असतो. वयाची अट बियर व वाइन यांस २१ वर्षें, आणि व्हिस्कीसारख्या कडक मद्यास २५ वर्षें. महाविद्यालयांतील मुलांची टोळी सहलीस आली, तर तिच्यांतील बहुतेकांस ही अट आडवी येणार, हें यजमानानें आधींच ओळखावें. गांधीजयंतीसारख्या कोरड्या दिवशीं तर हा विषयच नको. ज्यांस रोजच मद्य द्यावयाचें असेल, त्यांनीं हॉटेलांप्रमाणें कायमच्या परवान्याचा खटाटोप करावा.

आमचा हा सगळा पाठ चिरंजीव शांतपणें ऐकत होते. पण त्यांचें मन वळलें तें आमच्या कलमांनीं नव्हे. स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या असलेल्या आमच्या कुटुंबानें एवढेंच विचारलें, “अरे, रात्रीं ती मुलें हट्टानें पांचगणीला निघालीं आणि पसरणीच्या घाटांत गाडी खालीं गेली, तर त्यांच्या आयांना तूं काय सांगणार?” रक्ताच्या १०० मिलिलिटरांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असतां गाडी चालविणें हा अपराध आहे, आणि पहिल्याच वेळीं सहा महिन्यांपर्यंत कैद वा दहा हजारांचा दंड, किंवा दोन्हीहि, होऊं शकतात. तो चालकास होईल. पण पेला भरणाऱ्याच्या मनास जी शिक्षा होईल, ती कोणत्या कलमांत बसते?

चिरंजिवांनीं कागद ओढून ती ओळ खोडली. तिच्या जागीं त्यांनीं लिहिलें: ‘शेकोटी, भाजलेलीं कणसें, सोलकढी.’ खालीं एक ओळ आणखी घातली: ‘या घरांत मद्यपानास परवानगी नाहीं.’ गिऱ्हाईक कमी होईल, असें ते म्हणाले. होईल कदाचित्. पण जीं कुटुंबें मुलांबाळांसह येतील, तीं ही ओळ वाचूनच येतील, असा आमचा भरंवसा आहे. पहिलीं मंडळी दिवाळीच्या सुट्टींत येणार आहेत. सोलकढीचे आमसूल आमच्या घरीं येऊन पडले आहेत.