जमीन कुणी उभी केली, हे पोरांना सांगता का?

आज एक साधा प्रश्न. घरातल्या आठवी-नववीच्या पोराला विचारून बघा, आपलं पहिलं खाचर कुणी पाडलं? बांध कुणी घातला? बहुतेक घरांत उत्तर मिळणार नाही. सात-बारावरची नावं त्याला वाचता येतील, पण त्या नावांमागचे राबते हात त्याला ठाऊक नसतात. दोष पोरांचा नाही. आपण सांगितलंच नाही.

हे सांगण्याचं काम ज्यांनी नेमाने केलं, असा एक समाज म्हणजे ज्यू, म्हणजे यहुदी. तुम्ही म्हणाल, मुळशीकरांचा त्यांच्याशी काय संबंध? तर ताम्हिणी घाट उतरा. माणगाव, रोहा, पेण, अलिबाग या पट्ट्यात बेने इस्राएल समाज शेकडो वर्षं नांदला. तेलाचा घाणा हा त्यांचा मुख्य धंदा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचं. आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी. बोली मराठी.

नवगावची गोष्ट

त्यांच्या घरोघरी पोरांना सांगितली जाणारी पहिली गोष्ट अलिबागजवळच्या नवगावची. पूर्वजांचं गलबत तिथं फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांच्यापासून समाज वाढला, अशी परंपरा आहे. ही गोष्ट नुसती तोंडी राहिली नाही. नवगावात स्मारक आहे. अलिबागजवळच्याच खंडाळ्यात एक खडक आहे, त्यावर एलियाहू पैगंबराच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे, तिथं लोक जातात. पोहे, गूळ, खोबरं, फळं यांचा मलिदा करतात. पोरगं मलिदा खातं आणि गोष्ट ऐकतं. दोन्ही एकदमच पोटात जातं.

१९४८ साली इस्राएल देश झाला आणि पुढच्या काही दशकांत हा समाज मोठ्या संख्येने तिकडे गेला. तिथल्या शाळेत त्यांच्या पोरांना दुसरीच गोष्ट शिकायला मिळाली. ती होती पहिल्या वसाहतकऱ्यांची.

सगळ्यांचा एक गल्ला

१९०४ ते १९१४ या काळात रशिया-पोलंडकडची ज्यू तरुण मंडळी पॅलेस्टाइनात आली. शेतीचा गंध नव्हता. ऊन, मलेरिया, रिकामं पोट. १९१० साली गॅलिली सरोवराच्या दक्षिण टोकाला दहा तरुण आणि दोन तरुणी यांनी मिळून जमीन कसायला घेतली. ती दगान्या वसाहत, पहिला किबुत्झ. मालक नाही, मजुरी नाही. कमाई एका गल्ल्यात, जेवण एका पंगतीत, निर्णय सगळ्यांच्या बैठकीत.

सगळ्यांना हे जमलं नाही. एकत्र राबायला तयार, पण चूल आणि वावर आपापलं हवं, असं म्हणणाऱ्यांनी १९२१ मध्ये नहलाल वसवलं. हा पहिला मोशाव. गावाचा आराखडाच गोल. मधोमध सार्वजनिक इमारती, भोवती घरं, घरामागे ज्याचं त्याचं शेत. बियाणं-खताची खरेदी आणि मालाची विक्री मात्र एकत्र. आपल्या सहकारी सोसायटीला हे नवं वाटणार नाही.

आता पोरांना हे शिकवतात कसं, ते बघा. नुसतं पुस्तकातून नाही. युवक संघटनांची शिबिरं असतात, जुन्या वसाहतींत सहली निघतात, हातात खुरपं देतात. एकेकाळी पोलंडमध्ये ‘हखशारा’ नावाची शिक्षणशेतंच होती. पॅलेस्टाइनला जाण्याआधी शहरी पोरं तिथं नांगर धरायला शिकत. किबुत्झांत पहिल्या पिकाचा सण होतो, त्यात नव्या धान्याच्या पेंढ्यांबरोबर वर्षभरात जन्मलेली बाळंही मिरवतात.

न सांगितलेला भाग

पण मंडळी, नुसता गौरव सांगितला की गोष्ट लंगडी होते. नहलाल ज्या खोऱ्यात आहे, तिथल्या मोठ्या जमिनी बैरूतच्या सुरसुक या जमीनदार घराण्याच्या नावावर होत्या. मालक लांब, कसणारे गावातले अरब. मालकाने ज्यू संस्थेला जमीन विकली, कागद पक्का झाला आणि कसणाऱ्या अनेक कुटुंबांना गाव सोडावं लागलं. पैसा मालकाला मिळाला, जमीन कुळाची गेली.

आपल्या मराठी ज्यूंचा अनुभवही गोड नव्हता. काही किबुत्झांत राहिले, पण बऱ्याच जणांच्या वाट्याला आली ती वाळवंटातली गावं, बीरशेबा, दिमोना, आणि तिथली मजुरी. भेदभाव होतो म्हणून काहींनी १९५१-५२ मध्ये धरणं धरलं आणि १९५२ मध्ये काही कुटुंबं भारतात परतली. पुढे त्यांतले बरेच पुन्हा गेले. लग्नाच्या बाबतीत तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली. तिथल्या संसदेने १९६४ मध्ये ते पूर्ण ज्यू असल्याचं जाहीर केलं, तेव्हा कुठं वाट मोकळी झाली. पहिल्या वसाहतकऱ्यांच्या गोष्टीत हे आजी-आजोबा बसत नाहीत. म्हणजे त्यांची गोष्ट घरच्यांनीच सांगायला हवी.

एक गल्ल्याचा प्रयोगही तसाच राहिला नाही. १९८५च्या सुमारास किबुत्झ कर्जात बुडाले. खुद्द दगान्याने २००७ मध्ये कामाप्रमाणे वेगवेगळा पगार मान्य केला. पोरांना हेही सांगावं. फसलेलं किंवा बदललेलं सांगितलं म्हणून पूर्वजांची किंमत कमी होत नाही.

तेच १९२१ साल, आपली मुळशी

नहलाल वसलं त्याच वर्षी आपल्याकडे काय चाललं होतं? १६ एप्रिल १९२१, रामनवमी. मुळा-निळेच्या संगमावर टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढे सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे यांनी तो चालवला. तिकडे गाव वसत होतं, इकडे पन्नासच्या आसपास गावं पाण्याखाली जाणार होती. आणि इथंही गोम तीच. पुण्यातल्या अनेक सावकार-जमीनदारांना मोबदला चालत होता, कसणाऱ्या मावळ्याला जमीनच हवी होती. १९२४ पर्यंत लढा चालला. धरण झालं, भिऱ्याच्या वीजघरातून वीज मुंबईला गेली, आणि आंबेमोहोराची खाचरं तळाशी गेली.

म्हणून ही परदेशातली गोष्ट मुळशीकराला लगेच कळते. जमीन उभी करणारा एक असतो, कागदावर नाव दुसऱ्याचं असतं, आणि पुढे गोष्ट सांगितली जाते ती बहुधा कागदवाल्याची.

आज हिंजवडीपासून ताम्हिणीपर्यंत जमिनीचे व्यवहार जोरात आहेत. वावर विकलं की पैसा येतो, पण वावराची गोष्ट खरेदीखतात येत नाही. ती तुम्ही आत्ता लिहून घेतली नाही तर नातवाला कुणी सांगणार नाही.

काय करता येईल?

सरपंच आणि ग्रामसेवकांनी ग्रामसभेत हा विषय घ्यावा. तलाठ्याकडून जुने फेरफार बघून घ्यावेत. शाळेतल्या मोठ्या मुलांच्या तुकड्या करून त्यांना गावातल्या जाणत्यांकडे पाठवावं. विचारायचे प्रश्न सोपे आहेत. बांध कुणी घातला? पाण्याची पाळी कशी ठरायची? इर्जिकीला कोण कोण यायचं, सावड कुणाशी होती? आपली एकत्र शेती हीच, तिला परदेशी नावाची गरज नाही.

आणि वहीत एक पान त्यांच्यासाठी राखा, ज्यांची नावं सात-बारावर कधी चढलीच नाहीत: कुळं, लावणी करणाऱ्या बाया, कातकरी, धरणात गाव गेलेले. हे पान आधी भरा. ते सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत. येत्या आषाढात लावणीला पोरांना चिखलात उतरवा आणि दुपारच्या भाकरीला बांधावर बसून त्या वहीतलं एकेक नाव वाचा.